उन्हाळी वाडीचं ओलित आणि तोडा: विहिरीच्या हिशेबापासून मृगापर्यंत

काकडीचा अख्खा वाफा मी भर मे महिन्यात पाणी पाजून मारला आहे. लग्नानंतरचा दुसरा उन्हाळा होता. दुपारी दोनला वाडीत गेले तर वेलांनी माना टाकलेल्या, पानं ओल्या फडक्यासारखी लोंबलेली. नेमकी लाइन, म्हणजे वीज, होती. मोटार लावली आणि वाफा तुडुंब भरला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, गोठ्यातून ओरडत आले, "अवो, वेल झोपला हाय, मेला नोहे! सांजच्याले पाय न मंग." तोवर वाफ्यात चार बोटं पाणी चढलं होतं. काळी माती, वरून ४५ अंशांचं ऊन. साचलेलं पाणी अंघोळीला काढल्यासारखं तापलं. शेजारच्या वाफ्यातले, पाणी न मिळालेले वेल त्याच संध्याकाळी आपोआप ताठ उभे राहिले. माझे तिसऱ्या दिवशी पिवळे पडले आणि आठवड्यात बुडाशी सडले.

तेव्हापासून वाडीकडे बघायची रीत बदलली. पाणी देणं आणि माल तोडणं ही आपण दोन वेगळी कामं समजतो. उन्हाळ्यात ते एकच काम असतं. वेलावर राहून गेलेली एक जरड काकडी चार कोवळ्या काकड्यांचं पाणी पिते, आणि काल चुकलेलं पाणी उद्याच्या टोपल्यात कडू होऊन येतं. पुढचं सगळं याच अंगानं लिहिलं आहे.

आमची वाडी वर्धा जिल्ह्यात, आर्वीकडच्या भागात. साधारण २५ गुंठे: ८ गुंठे भाजी, संत्र्याची ४० झाडं, बांधावर चार लिंबाची आणि दोन गावरान आंबे. आकडे या वाडीचे आहेत. तुमच्या मातीचे आणि विहिरीचे तुम्ही काढा, रीत तीच राहील.

आधी विहीर मोजा, आणि मे महिन्याची मोजा

उन्हाळी भाजी लावायची जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारी संपेपर्यंत. त्या वेळी विहीर भरलेली असते आणि माणूस तिथंच फसतो. जानेवारीच्या पाण्यावर १५ गुंठे लावतो आणि मे महिन्यात ७ गुंठे वाळताना बघतो.

मोजायला काही लागत नाही. २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. आमचा ड्रम ४० सेकंदांत भरतो, म्हणजे मिनिटाला ३०० लिटर. मेच्या तिसऱ्या आठवड्यात विहीर ४० मिनिटांत तळ दाखवते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तेवढीच भरते. म्हणजे दिवसाला १२ हजार लिटर. हा आकडा गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेला असतो. पुढच्या जानेवारीत लागवड त्याच आकड्यावर ठरते, विहिरीत डोकावून नाही.

आता खर्चाची बाजू. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा, हिशेबाला १०० धरा. म्हणजे गुंठ्याला एक मिलिमीटर म्हणजे १०० लिटर. पूर्ण पसरलेल्या भाजीला मी मे महिन्यात रोजचे ८ मिलिमीटर धरते, पण ठिबक असेल आणि जमीन कुटारानं, म्हणजे मळणीनंतरच्या भुशानं, झाकलेली असेल तर ६ मध्ये भागतं. म्हणजे गुंठ्याला ६०० लिटर, आठ गुंठ्यांना ४,८००. मोठ्या संत्र्याची छत्री साडेचार मीटर धरली तर तिच्याखाली १६ चौरस मीटर जमीन येते. रोजचं शंभर-सव्वाशे लिटर पाणी एका झाडाला. ४० झाडांचे चार ते पाच हजार. दोन्ही मिळून दहा हजारांच्या आत. उरलेलं जनावरांना, लिंबाला आणि पाइप फुटण्याला. पाइप फुटतोच.

पाट्यानं, म्हणजे मोकळं पाणी सोडून, हाच हिशेब दुपटीवर जातो. ज्यांच्याकडे ठिबक नाही त्यांनी निदान एकाआड एक सरी भिजवावी. आज पहिली, तिसरी, पाचवी, पुढच्या पाळीला दुसरी, चौथी, सहावी. झाडाचं एक अंग कायम ओलं राहतं आणि पाणी बरंच वाचतं.

पानाला विचारू नका, मातीला विचारा

दुपारी दोनला काकडी, दोडका, कोहळं, ढेमसं यांची पानं लोंबणारच. मुळं जेवढं पाणी ओढतात त्यापेक्षा पानातून जास्त उडतं, म्हणून वेल पानं पाडून उन्हाला पाठ दाखवतो. ती तहान नसते. खरी परीक्षा सकाळी सातला. रात्रभर थंडावा मिळूनही माना खाली असतील तर काहीतरी बिघडलं आहे. तेव्हाही मोटारीकडे धावू नका. खुरपी घ्या.

झाडापासून वीतभर लांब, वीतभर खोल उकरा. वरची दोन बोटं माती मे महिन्यात नेहमीच कोरडी असते, तिचं ऐकायचं नाही. खालची मूठभर माती घेऊन दाबा. गोळा झाला, बोटांचे ठसे उमटले आणि तळहात नुसता ओलसर लागला तर आज पाणी नको. गोळा होतोय पण अंगठ्यानं दाबल्यावर फुटतोय, तर संध्याकाळी द्या. माती लोण्यासारखी हाताला चिकटली आणि वेल तरीही सुकलेला, तर मुळं गुदमरली आहेत किंवा सडली आहेत. तिथं पाणी बंद करणं हाच उपाय. त्या वर्षी मला हे ठाऊक असतं तर काकडी वाचली असती.

हे काळ्या जमिनीचं झालं. बरड, मुरमाड जमिनीत गोळा होतच नाही. तिथं पाणी थोडं आणि रोज, जमल्यास दिवसातून दोनदा विभागून. काळी माती ओल धरते, पण सोडतानाही मुठी आवळते, आणि सुकली की भेगाळते. भेग म्हणजे नुसती फट नव्हे. तिच्यात मुळं तुटतात आणि खालची ओल चिमणीतून धूर निघावा तशी वर उडून जाते. म्हणून दोन ओळींमधल्या, न झाकलेल्या जागेत दर दहा-बारा दिवसांनी हलकी डवरणी किंवा खुरपणी करा. वर दोन बोटं भुसभुशीत माती राहिली की भेगा बुजतात. भेगा पडल्यावर पाणी सोडून त्या भरत बसलात तर पाणी झाडाला न मिळता पाताळात जातं.

माझं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या बोअरचं पाणी चहालाही चालत नाही. अशा पाण्यावर भाजी घ्यायचीच असेल तर ठिबकच हवं, कारण ठिबकाचं पाणी मीठ ढकलत ढकलत ओल्या वर्तुळाच्या कडेला नेतं आणि मूळ त्यातल्या त्यात गोड मातीत राहतं. कडेला पांढरी साय दिसते ती हीच. यातली खुबी पहिल्या पावसात आहे. थोडासा शिरवा आला की कडेचं मीठ विरघळून उलट मुळाकडे येतं. म्हणून खारपाणपट्ट्यात पहिल्या हलक्या पावसात ठिबक बंद करायचं नसतं, उलट चालू करायचं असतं. शेजारीपाजारी हसतील. हसू द्या.

पाणी कधी आणि कसं

उत्तम वेळ पहाटेची, दुसरी संध्याकाळी सहानंतरची. आता लाइन आपल्याला विचारून येत नाही. थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आणि दिवसाच्या पाळीत ती बरोबर अकराला. यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे पाच हजार लिटरची टाकी. लाइन कधीही येवो, मोटार आधी टाकी भरते. सतरा-अठरा मिनिटांचं काम. मग संध्याकाळी टाकीचा कॉक उघडायचा आणि भाजीला पाणी सुरू. रात्री दोनला टॉर्च घेऊन वाफे बदलायला जाणं यामुळे जवळजवळ सुटलं. नाहीच सुटलं तर पायात गमबूट आणि हातात काठी असल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. उन्हाळ्यात ओल्या वाफ्याच्या गारव्याला साप-विंचू आपल्या आधी आलेले असतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्यांनी तर रात्रपाळीला एकटं जाऊच नये, तिथं बांधापलीकडे जंगल सुरू होतं.

टाकीवर ठिबक चालवताना एक गफलत होते. ड्रीपरवर लिहिलेलं ताशी दोन किंवा चार लिटर हे एक किलो दाबाचं असतं. तेवढा दाब यायला पाणी दहा मीटर उंच हवं. आपली टाकी असते दोन मीटरच्या ओट्यावर. दाब पाचवा हिस्सा, आणि पाणी निम्म्याहून थोडं कमी पडतं. जिथं मोटारीवर एक तास लागायचा तिथं टाकीवर सव्वादोन तास सोडावं लागतं. हे न कळल्यानं कितीतरी जण "टाकीवर ठिबक चालत नाही" म्हणून ते गुंडाळून ठेवतात. चालतं, फक्त धीर लागतो. हा हिशेब साध्या ड्रीपरचा. दाब सांभाळणारे महागाचे ड्रीपर इतक्या कमी दाबावर नीट चालत नाहीत, टाकीसाठी ते घेऊ नका.

वाफ्याचं उदाहरण देते. चार फूट रुंद, तीस फूट लांब वाफा म्हणजे ११ चौरस मीटर. रोज ६ मिलिमीटर म्हणजे ६६ लिटर. त्यावर दोन नळ्या, दर ४० सेंटिमीटरला ताशी दोन लिटरचा ड्रीपर, म्हणजे ४४ ड्रीपर आणि तासाला ८८ लिटर. मोटारीवर पाऊण तास पुरे. टाकीवर पावणेदोन.

दोन बारीक गोष्टी. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं असतं. दुपारी कधी पाणी द्यायची वेळ आलीच तर ते बाहेर सोडून मग झाडाकडे वळवा. आणि दर आठवड्याला नळ्यांची टोकं उघडून गाळ वाहू द्या, जाळी धुवा. विहिरीतलं शेवाळ मे महिन्यात दाट होतं आणि ड्रीपर गुपचूप बंद पडतात. आपल्याला ते आठ दिवसांनी, झाड वाळल्यावर कळतं.

खारी नळ्या कुरतडतात त्या बहुतेक तहानेपोटी. बांधावर तीन ठिकाणी मातीची परळं भरून ठेवायला लागलो तेव्हापासून भोकं कमी झाली. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांवर मात्र परळाचा इलाज नाही, त्यांचं दुखणं वेगळ्या लेखाचं आहे.

झाकण, सावली, आडोसा

सोयाबीनचं कुटार हे आपल्याकडचं सगळ्यात स्वस्त आच्छादन. चार बोटं जाड पसरा, पण झाडाच्या बुडापासून दोन-तीन बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर बूड सडतं. गव्हांडा, म्हणजे गव्हाचं काड, तेही चालतं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळली झाडं, मात्र वाडीत आणू नका. न फुटलेल्या बोंडांतून गुलाबी बोंडअळी सोबत येते आणि वाळवीलाही आमंत्रण मिळतं. कुटार वाऱ्यानं उडतं म्हणून पसरल्यावर एकदा पाणी शिंपडून दाबून घ्यावं.

पश्चिमेकडून येणाऱ्या झळा पानांना उन्हाइतक्याच सोलून काढतात. त्या बाजूला ज्वारी किंवा मक्याच्या दोन दाट ओळी, किंवा शेवरी, जानेवारीतच टाकून ठेवावी. दोडका-कारल्याचा मांडव घातला असेल तर त्याची सावली वाया घालवू नका. खाली सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि पालक टाका. मे महिन्यात आठवडी बाजारात सांबाराची जुडी घेणाऱ्या गिऱ्हाइकाचं तोंड बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. धणे चपलेखाली रगडून दोन फाका करून, रात्रभर भिजवून पेरायचे. ५० टक्क्यांची हिरवी जाळीही चालते, पण मिरची-वांग्यावर ती सबंध दिवस नको, दुपारपुरती पुरे.

तोडा

उन्हाळ्यात फळ वाढतं ते बघता बघता. फूल उमलल्यापासून पाच-सात दिवसांत भेंडी तोडायला येते, आणि आणखी दोन दिवसांत तिची दोरी होते. मोठी झाली तर वजन वाढेल हा हिशेब फसवा आहे. जरड फळात बी भरायला लागलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं. नवी फुलं कमी होतात. आणि ते बी भरायला जे पाणी गेलं ते विहिरीतूनच गेलेलं असतं. म्हणून पाणी टंचाईचं असेल तेव्हा तोडा आणखी काटेकोर घ्यायचा. बाजार नसला तरी तोडायचा, शेजारी वाटायचा, गाईला घालायचा.

भेंडी आणि काकडी दिवसाआड. भेंडीचं शेंडं नखानं कट्कन तुटलं पाहिजे, नुसतं वाकलं तर उशीर झाला. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, नाहीतर लव अंगाला लागून रात्रभर खाजवत बसाल. बरबटी (चवळीच्या शेंगा) दोन-तीन दिवसांनी, शेंगेत दाणा वरून मोजता यायच्या आत. गवार तीन-चार दिवसांनी. ढेमसं लिंबापेक्षा थोडं मोठं, अंगावर लव असेपर्यंतच. लव गळून चकाकी आली की आत बी कडक झालं समजा. वांग्याचं उलट, चकाकी असेपर्यंत तोडा, ती गेली की वांगं गेलं. वांग्याचे सुकून लोंबलेले शेंडे दिसले तर तोड्याबरोबर तेही खुडून वाडीबाहेर जाळा, आत अळी असते. दोडका, कारलं तीन-तीन दिवसांनी. हिरवी मिरची आठ-दहा दिवसांनी.

टमाट्याचं उन्हाळ्यात वेगळंच तंत्र आहे. ३०-३२ अंशांच्या वर त्याचा लाल रंग धरतच नाही. झाडावर ठेवून ठेवून वाट बघितलीत तर पिवळट-नारिंगी, मऊ आणि एका बाजूनं भाजलेली फळं मिळतात. देठाच्या विरुद्ध टोकाला जराशी लाली फुटली की तोडा आणि घरात सावलीत एका थरात पिकू द्या. पानं विरळ करायचा मोह टाळा, पान ही फळाची टोपी आहे. बुडाशी काळा, चपटा डाग पडत असेल तर औषधवाल्याकडे जायच्या आधी पाण्याच्या पाळ्या आठवा. कधी कोरडं तर कधी तुडुंब, असं पाणी दिलं की चुना फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही, मातीत कितीही असला तरी. काकडी कडू होण्याचंही असंच, ताण आणि उष्णता मिळून तिच्यात कडवटपणा आणतात.

टरबूज आणि डांगर (खरबूज) तोडायच्या पाच-सात दिवस आधी पाणी कमी करायचं, तेव्हा गोडी येते. टरबुजाला टिचकी मारून ओळखणारे बरेच असतात, मला ते आजवर नीट जमलं नाही. मी देठाजवळची तणावी, म्हणजे वेलाचा गुंडाळलेला तंतू, बघते. ती वाळून तपकिरी झालेली असावी, आणि जमिनीला टेकलेला डाग पांढऱ्याचा पिवळट झालेला असावा. दोन्ही जुळलं की तोडायचं. डांगर पिकलं की देठापाशी गोल भेग पडते आणि हलक्या हातानं सुटतं. ओढावं लागत असेल तर कच्चं आहे. या दोघांनाही कोरड्यानंतर अचानक भरपूर पाणी मिळालं की ती तडकतात, मग ते मोटारीचं असो की अवकाळीचं.

रब्बीचा कांदा एप्रिलमध्ये निघतो. आमच्याकडे पांढरा असतो, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा अकोला सफेद. निम्म्या कांद्यांच्या माना पडल्या की काढणी, आणि त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडलेलं असावं. शेवटचं एक पाणी दिलं तर वजन भरतं हे खरं, पण तो कांदा पोळ्यापर्यंत टिकत नाही. उपटल्यावर पहिल्या ओळीच्या पातीनं दुसऱ्या ओळीचे कांदे झाकत तीन दिवस वावरात, मग इंचभर मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत. पांढऱ्या कांद्याला ऊन लागलं की तो हिरवट पडतो.

वेलवर्गाबद्दल एक राहिलं. फळ धरतं ते सकाळच्या मधमाश्यांमुळे. सकाळी फवारणी केली तर आपणच आपला तोडा मारतो. फवारायचंच असेल तर दिवस मावळताना.

तोडल्यानंतरचे चार तास

तोडा सकाळी सहाला सुरू आणि आठ-साडेआठला संपलेला असावा. कारण सोपं आहे. दहाला तोडलेली भेंडी उन्हाची ऊब पोटात घेऊन टोपल्यात येते, ढिगात ती ऊब कोंडते आणि दुपारपर्यंत माल बसतो. तोडतानाच टोपलं झाडाच्या सावलीत सरकवत राहा. प्लास्टिकच्या पोत्यात भरू नका, कॅरेट किंवा बांबूचं टोपलं, वरून ओलं करून पिळलेलं पोतं. पालक-सांबारावर पाणी शिंपडा, भेंडीवर अजिबात नको, काळी पडते.

आठवडी बाजार दोन दिवसांवर असेल तर माल ठेवायचा कुठं? फ्रिज लागत नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष आपल्या हवेत फार छान चालतो. जे तत्त्व कूलरचं आणि वाळ्याच्या ताटीचं तेच याचं, आणि कूलर जिथं चालतो तिथं हाही चालतो. हवा कोरडी पाहिजे, ती आपल्याकडे मे महिन्यात मुबलक आहे.

सावलीत, विहिरीजवळ, वारा खेळेल अशी जागा निवडा. जमिनीवर १६५ बाय ११५ सेंटिमीटरचा विटांचा ओटा करा. त्यावर विटांच्या दोन भिंती, एकीच्या आत दुसरी, मध्ये साडेसात सेंटिमीटर, म्हणजे चार बोटं मोकळी जागा. उंची साडेसदुसष्ट सेंटिमीटर, कमरेच्या खाली. सिमेंट लावायचं नाही, विटांनी पाणी प्यायला पाहिजे. मधल्या जागेत नदीची धुतलेली वाळू भरा. वर बांबूच्या चौकटीवर पोतं किंवा तुराट्यांचं झाकण, आणि सगळ्यावर छपराची सावली. सुरुवातीला सगळं भिजेपर्यंत पाणी पाजा, नंतर सकाळ-संध्याकाळ वाळू ओली ठेवा. बाहेरच्यापेक्षा आत १० ते १५ अंश कमी राहतं आणि ओलावा ९० टक्क्यांच्या आसपास. शंभर किलोपर्यंत माल कॅरेटात मावतो. कांदा-लसूण आत ठेवू नका, त्यांना कोरडेपणा लागतो. आणि झाकण उघडताना आधी वाकून बघा. आमच्याकडे एकदा आत धामण वेटोळं करून बसली होती. गारवा सगळ्यांनाच हवा असतो.

झाडं

संत्र्याच्या आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्याची, फळं मे महिन्यात लहान असतात आणि उन्हाच्या ताणानं गळतात. थोडी गळ झाडाची स्वतःची छाटणी असते, पण पाण्याची पाळी चुकली की सडा पडतो. मुळं पाणी पितात ती छत्रीच्या कडेखाली. म्हणून दुहेरी आळं: खोडाभोवती एक मातीचा बांध, छत्रीच्या कडेला दुसरा, आणि पाणी फक्त या दोहोंच्या मधल्या जागेत. खोडाला पाणी लागलं की डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, येतो, आणि डिंक्या आला की झाड हळूहळू जातं. पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो मलम लावायचं: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं विरघळवून मग एकत्र करायचं, आणि लोखंडी बादलीत मुळीच नाही. मृग बहार, म्हणजे मृगाच्या पावसावरचा फुलोरा, धरणाऱ्यांचं गणित उलटं, ते मे महिन्यात झाडाचं पाणी तोडून मुद्दाम ताण देतात. एकाच बागेत दोन्ही बहार धरायचा हव्यास करू नये.

लिंबाचा हस्त बहार एप्रिल-मे महिन्यात तोडायला येतो आणि भावही तेव्हाच असतो. पिवळं पडायच्या आधी, साल गुळगुळीत झाली की तोडा.

गावरान आंब्यांना आम्ही पाणी देत नाही, त्यांची मुळं आपल्या विहिरीपेक्षा हुशार आहेत. झाडावर पाड दिसला की उतरवायला सुरुवात. झेल्यानं, बोटभर देठ ठेवून. देठ मोडला की चीक सालीवर उतरून काळे चट्टे पडतात. अढी घाला गव्हांड्यात. कार्बाइडची पुडी कोणी देऊ केली तर घेऊ नका. त्यानं फळं पिकवायला कायद्यानं बंदी आहे आणि आंबाही नुसता रंगतो.

पाणी खरंच संपत आलं तर

२३ मे २०१३ ला नागपूरला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं. तसा उन्हाळा पुन्हा येतोच. विहीर ४० मिनिटांवरून २० वर आली की सगळ्यांना थोडंथोडं पाणी देत बसू नका, त्यानं सगळंच अर्धमेलं राहतं. आमचा क्रम ठरलेला आहे. सगळ्यात आधी संपत आलेली काकडी आणि पालक सोडायचे. मग टमाटे, तसेही मे महिन्यात त्यांची फुलं गळतात. मग भेंडी. गवार आणि बरबटी ताण सोसतात, ती शेवटपर्यंत ठेवायची. वांगं मरत नाही, थांबतं. फांद्या निम्म्यावर छाटून आठवड्याला एक पाणी दिलं तर मृगाच्या पावसावर पुन्हा फुटतं. संत्र्याचा नंबर सगळ्यात शेवटी. भाजी गेली तर तीन महिने गेले, झाड गेलं तर दहा वर्षं. फळं झाडून टाकायची वेळ आली तरी झाड राखायचं. मामाजी याबाबत माझ्याहून कडक आहेत, ते भेंडीचा वाफा पंधरा मेलाच उपटतील.

आणि वाडीतल्या माणसांचंही पाणी या हिशेबात धरा. अकरा ते चार वावरात कुणी नको. डोक्याला दुपट्टा, सोबत पाण्याची कॅन, घरी आल्यावर कैरीचं पन्हं नाहीतर ताक. मजुराला घाम येणं थांबलं, बोलणं असंबद्ध झालं, तर त्याला सावलीत नेऊन अंग ओलं करा, वारा घाला आणि थेट दवाखान्यात न्या. कांदा चोळत बसू नका.

मृगाच्या आधी

२५ मेपासून नवतपा. या नऊ दिवसांच्या बऱ्याच आधी, मेच्या सुरुवातीलाच, रिकामे झालेले वाफे भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून, कडा मातीनं दाबून ठेवा. चार ते सहा आठवडे ठेवलं की तणाचं बी आणि मातीतले बरेच रोग भाजून निघतात. नवतप्याचं ऊन फुकट मिळतं, तेवढं तरी वसूल करावं. खरिपाच्या वांगी-मिरचीची रोपं गादीवाफ्यावर मेच्या अखेरीस टाका, दुपारी जाळीची सावली द्या आणि पाणी झारीनं.

आभाळ भरून आलं की पिकत आलेली टमाटे, टरबूज, डांगर आधी घरात घ्या, पावसानंतर ती तडकलेलीच मिळतात. एक चांगला पाऊस झाला की नळ्या एकदा धुऊन, सावलीत वाळवून गुंडाळायच्या. गोठ्याच्या आढ्याला तारेनं टांगायच्या, भिंतीपासून हातभर लांब. खाली ठेवलेल्या नळ्यांत उंदरांनी एका पावसाळ्यात इतकी भोकं पाडली की पुढच्या उन्हाळ्यात आमचं ठिबक गावभर कारंजं म्हणून प्रसिद्ध झालं होतं.